कॅमेरा कुठे बसतो?

यूट्यूबवर 'आयरिश पारंपरिक संगीत' असं शोधलं की आधी हाती लागतात तीन-तीन तासांचे व्हिडिओ. पडद्यावर एकच चित्र असतं: हिरवी टेकडी, पडका किल्ला, थोडं धुकं. फिडल कोण वाजवतंय, धून कुठल्या गावची, कशाचाच पत्ता नाही. हे संगीत काम करताना मागे लावून ठेवायला ठीक आहे, पण त्यात बघण्यासारखं काही नाही. आणि आयरिश संगीत बघण्यासारखंच असतं.

कारण या संगीताची मूळ जागा मंच नाही. 'सेशन' म्हणतात ते पबमधल्या एका टेबलाभोवती बसतं. फिडल, बासरी, कॉन्सर्टिना, ॲकॉर्डियन, इलन पाइप्स, एखादा बौरान. वादकांची तोंडं एकमेकांकडे आणि पाठ गिऱ्हाइकांकडे. धून लहान असते: बहुधा आठ-आठ बारचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. ती दोन-तीन वेळा फिरली की कुणीतरी, न थांबता, न सांगता, दुसऱ्या धुनेत शिरतं आणि बाकीचे मागोमाग येतात. त्या वळणाच्या आधी एखादी भुवई उचलली जाते, एखादा खांदा हलतो. आपल्या मैफलीत समेवर मान हलते, तसा इथला श्रोता या वळणाची वाट बघत असतो.

मग अशा संगीताचा कार्यक्रम करायचा, तर कॅमेरा कुठे बसवायचा? वर्तुळात, की वर्तुळाबाहेर? आयर्लंडच्या टीव्हीवरचा कुठलाही संगीत-कार्यक्रम मी आता याच एका प्रश्नावर जोखतो.

वर्तुळात बसणाऱ्यांपैकी माझा आवडता म्हणजे टीजी फोर या आयरिश भाषेतल्या वाहिनीवर अनेक वर्षं चाललेला 'ग्यांत्री'. वाहिनी १९९६ साली सुरू झाली. जुन्या आयरिश परंपरेत संगीताचे तीन प्रकार मानले जातात: रडवणारं, झोपवणारं आणि आनंद देणारं. ग्यांत्री म्हणजे यातला तिसरा. कार्यक्रमाची कल्पना अगदी साधी: गावोगावच्या पबमध्ये जायचं, तिथे वादकांना बसवायचं आणि वाजू द्यायचं. धून मध्येच कापून निवेदक आणायचा नाही. कॅमेरा शेजारच्या खुर्चीवर बसल्यासारखा वाटतो. फिडलवाल्याची करंगळी दिसते, ॲकॉर्डियनवालीचं त्याच्याकडे बघणं दिसतं आणि वळण कुणी घेतलं ते कळतं. निवेदन आयरिश भाषेत. मला त्यातला शब्द कळत नाही आणि अडतही नाही.

दुसऱ्या टोकाला 'अ रिव्हर ऑफ साउंड' ही १९९५ सालची सात भागांची मालिका. तिच्या आदल्या वर्षी डब्लिनमध्ये युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात 'रिव्हरडान्स' झालं होतं आणि आयरिश नाच-संगीत एका रात्रीत जगाच्या दिवाणखान्यात पोचलं होतं. या मालिकेचा निवेदक होता पियानोवादक आणि संगीतकार मीहॉल ओ सुलिवान. त्याचा मुद्दा असा, की परंपरा ही वाहती नदी आहे आणि तिला नवे प्रवाह मिळतच राहणार. चित्रण देखणं, वादक एकापेक्षा एक. पण ॲकॉर्डियनवादक टोनी मॅकमॅहन याने मालिकेवर जाहीर टीका केली. तो स्वतः आरटीई या सरकारी वाहिनीवर संगीत-कार्यक्रमांचा निर्माता होता, म्हणजे कॅमेऱ्यामागून बोलत होता. भांडण नव्या-जुन्याचं म्हणून गाजलं. आज ती मालिका बघताना मला ते वेगळं दिसतं. तिच्यातलं संगीत खोटं नाही. पण प्रत्येक वादन एका सिद्धांताचा पुरावा म्हणून येतं. धून फिरत असते आणि आपल्याला सांगितलं जात असतं की हिचा अर्थ काय. कॅमेरा बाहेर उभा राहून बोट दाखवतो.

बाहेर उभं राहणं नेहमी वाईटच असतं असं नाही. निकोलस कॅरोलन याचा 'कम वेस्ट अलाँग द रोड' हा कार्यक्रम पूर्णपणे बाहेरचा आहे. आरटीईच्या जुन्या फिती काढायच्या आणि एकामागून एक दाखवायच्या. कॅरोलन डब्लिनमध्ये १९८७ साली स्थापन झालेल्या आयरिश पारंपरिक संगीत संग्रहाचा पहिला संचालक. तो वादकाचं नाव, गाव, धुनेचं नाव, साल एवढं सांगतो आणि बाजूला होतो. कोट घातलेले, कॅमेऱ्यासमोर अवघडलेले शेतकरी कृष्णधवल पडद्यावर वाजवतात. त्या अवघडलेपणाबद्दल तो एक शब्द बोलत नाही. संग्रहपालाचा संयम हा निवेदनाचाही गुण असू शकतो, हे इथे कळतं.

खरी परीक्षा मात्र 'शॅन नोस' गायनाची. साथ नाही, ठेका नाही, आयरिश भाषेतलं लांबलचक गाणं. गाणारा डोळे मिटून किंवा जमिनीकडे बघत गातो. टीव्हीच्या हिशेबात इथे काहीच 'घडत' नाही, म्हणून दिग्दर्शक घाबरतो आणि समुद्राची दृश्यं पेरतो. पण जुनी रीत अशी, की शेजारचा श्रोता कधीकधी गाणाऱ्याचा हात हातात घेतो आणि गाण्याच्या ओघात तो हलवत राहतो. ज्याला त्या हातांवर थांबायचं सुचलं, त्याला हे संगीत कळलं.

मग हे सगळं सापडत का नाही? माझा धंदाच शोधयंत्रांच्या शेजारचा, म्हणून सांगतो: शोध शब्दांवर चालतो आणि हे संगीत शब्दांत साठवलेलं नाही. एका धुनेला चार नावं असतात, आणि अनेक धुनांपुढे फक्त 'गन ॲनिम' लिहिलेलं असतं, म्हणजे 'नाव नाही'. अनेक चांगल्या कार्यक्रमांची नावं आयरिश भाषेत, म्हणून इंग्रजीत शोधणाऱ्याला ती दिसत नाहीत. जे नावानिशी, गावानिशी आहे ते खाली जातं आणि निनावी धुकं वर येतं. त्यामुळे शोधपेटीत टाइप करण्यापेक्षा थेट दारात जावं. टीजी फोरच्या प्लेअरवरचं बरंच काही आयर्लंडबाहेरही फुकट दिसतं. डब्लिनच्या संग्रहाने आपल्या संकेतस्थळावर खूप साठा खुला ठेवलाय. फिडलवादक टॉमी पीपल्स याला १९९८ साली टीजी फोरचा पहिला 'ग्राडम क्योल' पुरस्कार मिळाला; असं एक नाव धरून निघालं की पुढची दहा नावं आपोआप भेटतात.

गंमत अशी, की जे कार्यक्रम जगाला समजावून सांगण्यासाठी केले, ते पुण्यात बसून बघताना परके वाटतात. जे तिथल्या जाणकारांसाठी केले, भाषांतराची पर्वा न करता, ते जवळचे वाटतात. समजावणारा आपल्याला पाहुणा म्हणून दारात उभं करतो. न समजावणारा नुसता सरकून जागा देतो. मग धुनेचं वळण कधी येणार, हे आपलं आपल्यालाच ओळखावं लागतं. आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ते ओळखता येतं.