कॅमेरा कुणाच्या हातात होता?

मस्साजोगचे (ता. केज) सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. मारहाणीची छायाचित्रे ३ मार्च २०२५ रोजी घराघरांत पोहोचली. दुसऱ्या दिवशी मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा आला. ‘छापली ते बरेच झाले’, असे आमच्या बीड जिल्ह्यात अनेकजण म्हणतात. मला ते अर्धेच पटते.

ही छायाचित्रे कुणा बातमीदाराने टिपलेली नव्हती. आरोपपत्रानुसार ती हल्लेखोरांच्याच मोबाइलवरची. २००४ मध्ये उघड झालेली अबू घरीब तुरुंगातली छायाचित्रेही तिथल्या सैनिकांनीच काढली होती. अशा वेळी कॅमेरा हा छळाचाच भाग असतो आणि पाहणारा नकळत मारणाऱ्याच्या जागी उभा राहतो.

उलट १९५५ मध्ये अमेरिकेत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा विद्रूप झालेला मृतदेह लोकांनी पाहावा, हे त्याच्या आईने ठरवले. दृश्य तितकेच भीषण. पण निर्णय घरचा होता.

मी वृत्तछायाचित्रण शिकलो ते कात्रणे जमवून. माझे मत साधे आहे: पुरावा म्हणून, घरच्यांना विचारून, एकदा छापावे. तेच दृश्य पुन्हा पुन्हा फिरवले, की पुरावा संपतो आणि मारणाऱ्याला हवी असलेली दहशत तेवढी पसरते.