हवाईयन गिटार शिकवणार कोण?

पुण्यामुंबईत ‘गिटार क्लास’ची पाटी शोधावी लागत नाही. मात्र आत शिकवली जाते ती छातीशी धरून वाजवायची स्पॅनिश गिटार. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून सरकवत वाजवायची हवाईयन गिटार शिकायची असेल, तर पहिला शोध वाद्याचा नसतो, शिक्षकाचा असतो. हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांनी या गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही टंचाई विशेष खुपते. वाद्य कानांत आहे, शिकवणारा हात जवळपास नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाईतल्या ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू या मुलाने तारांवर लोखंड सरकवून पाहिले, आणि १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत या स्वरांचे वेड पसरले. भारतात ते रुजवण्यात ताउ मो या कलावंताचा वाटा मोठा. १९४०च्या दशकात त्याचा मुक्काम कलकत्त्यात होता. तिथल्या गार्नी निस यांच्यासारख्या वादकांनी ते वाद्य उचलले, आणि बघता बघता ते बंगाली घरात शिरले. रवींद्रसंगीत त्यावर वाजू लागले. काजी नजरुल इस्लाम यांचे पुत्र काजी अनिरुद्ध हे नामवंत गिटारवादक होते. गाणे येणाऱ्या मुलामुलीने हौसेने शिकावे, असे ते वाद्य झाले.

मग ब्रिजभूषण काब्रा आले. जोधपूरच्या या वादकाने सरोदवादक अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम घेतली आणि हवाईयन गिटारवर संथ आलापी उभी केली. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकताना हे वाद्य परके वाटतच नाही. बार तारेवरून उचलावा लागत नाही, म्हणून मींड अखंड राहते, गळ्यासारखी. विश्वमोहन भट्ट यांनी चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली. अमेरिकी गिटारवादक राय कूडरसोबतच्या ध्वनिमुद्रणासाठी १९९४मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाले. काब्रांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांची चतुरंगी, सलील भट्ट यांची सात्त्विक वीणा, कमला शंकर यांची शंकर गिटार हीही याच वाटेवरची.

या वैभवाला एक दुखरी बाजू आहे, आणि ती स्पष्ट सांगायला हवी. प्रत्येक मोठ्या वादकाचे वाद्य निराळे, तारांची संख्या निराळी, नाव निराळे. नवख्या विद्यार्थ्याला नेमके काय विचारत फिरायचे हेच कळत नाही. मैफलीचे वाद्य झपाट्याने वाढले, पण आठवड्यातून दोनदा घराजवळच्या खोलीत बसून ‘सा’ लावून देणारा शिक्षक त्या वेगाने वाढला नाही.

व्हिडिओ पाहून हे वाद्य का येत नाही? स्पॅनिश गिटारवर बोट पडद्याच्या थोडे मागे पडले तरी सूर बरोबर निघतो, पडदा चूक सांभाळून घेतो. इथे पडदे निव्वळ खुणेपुरते असतात. बार पडद्याच्या बरोबर वर थांबला नाही, की सूर चढतो किंवा उतरतो. तो तिरका झाला की दोन तारा एकमेकींशी भांडतात. बारमागची बोटे तारांवर हलकी टेकली नाहीत तर नको तो गुंजारव उठतो. आणि शिकणाऱ्याला स्वतःची बेसूर जागा सहसा ऐकूच येत नाही. ती ऐकणारा दुसरा कान समोर हवा.

हवाईलाही ही टंचाई चुकली नाही. तरुण पिढी दुसऱ्या संगीताकडे वळल्यावर खुद्द बेटांवर वादक कमी झाले. ओहायोत जन्मलेले, नॅशव्हिलमध्ये नाव कमावलेले जेरी बर्ड १९७०च्या दशकात होनोलुलूत स्थायिक झाले आणि त्यांनी तिथल्या मुलांना शिकवायला घेतले. त्यांचे शिष्य ॲलन अकाका आज स्वतः शिकवतात. अमेरिकेतल्या ‘हाउस ऑफ गॉड’च्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये तर १९३०च्या दशकापासून स्टील गिटार, म्हणजे अशीच पोलादी बारने वाजवायची गिटार, उपासनेचा भाग आहे, मूल दर रविवारी जाणत्या वादकाजवळ बसते आणि ऐकून शिकते. रॉबर्ट रँडॉल्फ याच परंपरेतले.

आपल्याकडेही वाट बंद नाही. काब्रांचे गुरू सरोदवादक, विश्वमोहन भट्ट यांचे गुरू सतारवादक रविशंकर. गावात हवाईयन गिटार शिकवणारे कोणी नसेल, तर चांगला गायक, सतारिया किंवा व्हायोलिनवादक सुराची आणि रागाची तालीम देऊ शकतो. बारची पकड, अंगठ्यातली नखी आणि बैठक यांसाठी मात्र महिन्यातून एकदा का होईना, हे वाद्य वाजवणाऱ्या माणसासमोर बसावे. त्यासाठी दुसऱ्या शहरी जावे लागले तरी. जाताना तानपुरा लावून वाजवलेल्या एकाच ‘सा’चे पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. बार कुठे घसरतो, हे जाणत्याला तेवढ्यावरून कळते.