गल्लीतला बिबट्या, बर्फातला बिबट्या

माझ्या फोनमध्ये स्पितीचे सहाशेच्या वर फोटो आहेत. अंदमानचे तीनशे तरी असतील. आरे कॉलनीचा एक आहे, तोही ‘ट्रॅफिकमध्ये अडकलोय, स्टँडअपला उशीर होईल’ हे टीमला पटवण्यासाठी काढलेला. गोरेगावहून पवईच्या ऑफिसला मी चार वर्षं आरेच्या रस्त्याने जातोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

हा हिशोब मनात आला तो एका जुन्या फोटोमुळे. नयन खानोलकर यांच्या ‘द ॲली कॅट’ला २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. तो फोटो होस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि आम्ही सगळ्यांनी एकमताने निकाल दिला : एडिट केलाय.

आता तो पुन्हा नीट पाहिला. रात्र आहे. आरेतली एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना घरं. त्यातून एक बिबट्या चाललाय. क्षणभर त्याची नजर कॅमेऱ्याकडे वळलीय, बहुधा क्लिकच्या आवाजामुळे. डरकाळी नाही, झेप नाही, दात नाहीत. उशिरा घरी परतणारा माणूस सोसायटीच्या वॉचमनकडे बघतो, तेवढंच ते बघणं आहे. आणि मुख्य म्हणजे बिबट्या चौकटीत मावून वर बरीच जागा उरते. त्या जागेत भिंती आहेत, उजेड आहे, कुणाचं तरी घर आहे.

हा कॅमेरा ट्रॅपचा फोटो आहे. कॅमेरा एका जागी लावून ठेवायचा, जनावर समोरून गेलं की तो आपला आपण फोटो काढतो. म्हणजे फोटोग्राफरचं कौशल्य बटण दाबण्यात नसतं, आधीच्या निर्णयांत असतं. कॅमेरा कुठे ठेवायचा, प्रकाश कुठून येऊ द्यायचा, चौकट केवढी धरायची. खानोलकरांनी फ्लॅश असे लावले की गल्लीत नेहमीच्या दिव्यांचा पडतो तसाच उजेड पडावा. जनावर सगळी चौकट व्यापणार नाही असा कॅमेरा ठेवला. हवा तो फोटो मिळायला चार महिने लागले. त्या काळात बिबट्या कुठून येतो-जातो याची माहिती तिथल्या वारली लोकांनी दिली आणि कॅमेऱ्यावर लक्षही त्यांनीच ठेवलं.

याच्या शेजारी दुसरा एक फोटो ठेवून बघा. स्टीव्ह विंटर यांचा लडाखमधला हिमबिबट्या. रात्रीचा बर्फ पडतोय आणि त्यातून हिमबिबट्या येतोय. २००८ मध्ये याच स्पर्धेत तो सर्वोत्कृष्ट ठरला होता. तंत्र तेच : कॅमेरा ट्रॅप, फ्लॅश, आणि वाट बघणं. पण त्या फोटोत माणसाची एकही खूण नाही. बर्फाने सगळं पुसून टाकलंय. बघताना वाटतं, जगात हे जनावर आणि आपण, दोघेच आहोत. फोटो थोर आहे, वादच नाही. पण आपल्या पिढीच्या डोक्यात ‘निसर्ग’ हा शब्द उच्चारला की जे चित्र येतं, ते अशाच फोटोंनी घडवलंय. निसर्ग म्हणजे जिथे माणूस नाही ती जागा. मग ती शोधायला आपण दहा हजार फुटांवर जातो, नाहीतर बेटावर.

मी गेलोच होतो. फेब्रुवारीत, स्पितीतल्या किब्बरला. भाड्याने घेतलेली लांबलचक लेन्स, पाच दिवस, उणे पंधरा. चौथ्या दिवशी समोरच्या डोंगरावर हिमबिबट्या दिसला. म्हणजे गावातल्या माणसाने दुर्बीण लावून दिली तेव्हा एक करडा ठिपका हलताना दिसला. माझ्या फोटोत तो ठिपकाही नाही, नुसता डोंगर आहे. आणि त्या डोंगरासमोरून एक विजेची तार जात होती, ती मी रात्री होमस्टेमध्ये बसून फोनवर बोटाने पुसली. त्याआधी अंदमानला राधानगरच्या किनाऱ्यावर एक कुटुंब चौकटीतून बाहेर पडेपर्यंत मी वीस मिनिटं थांबलो होतो. दोन्हीकडे मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो. माणसं निघून जाण्याची. खानोलकर चार महिने बरोबर याच्या उलट गोष्टीची वाट बघत होते. जनावराने माणसांमध्ये येण्याची.

म्हणून मला ‘द ॲली कॅट’ महत्त्वाचा वाटतो. तो दिसायला सुंदर आहे, पण त्याचं सौंदर्य काहीतरी कापून टाकल्यामुळे आलेलं नाही.

तरी या फोटोशी माझी दोन भांडणं आहेत. पहिलं त्याच्या विभागाशी. ‘शहरी’ म्हटलं की बघणारा समजतो, बिबट्या शहरात आला. आता क्रम लावून बघा. पाड्यांवरची वारली वस्ती इथे आधीपासून होती. दुधासाठी आरेची वसाहत झाली ती १९४९ मध्ये. टॉवर आणि आमची आयटी पार्कं तर परवाची. उत्तरेला लागूनच १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ते आणि भोवतालचा परिसर मिळून निकित सुर्वे यांच्या २०१५ च्या अभ्यासात ३५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला, तर २०१८ मध्ये ४७. बिबट्याच्या वाटेवर शहर आलं, आणि बक्षिसाच्या यादीत बिबट्या शहरी झाला. वारल्यांच्या लेखी तो आधीपासून वाघोबा आहे. आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी आरेतल्या पाड्यांवर वाघबारस असते. फोटोत ही भक्ती दिसत नाही. कशी दिसणार? पण ओळ लिहिणाऱ्याला ‘शहरी’ याहून बरा शब्द सुचायला हरकत नव्हती.

दुसरं भांडण जास्त अवघड आहे. गल्ली रिकामी आहे. घरं आहेत, पण घरातलं कुणी नाही. त्यामुळे सहजीवन फार शांत वाटतं. २०२१ च्या पावसाळ्याअखेरीस आरेत लागोपाठ हल्ले झाले. २०२२ च्या दिवाळीत बिबट्याने दीड वर्षाच्या आतलं एक बाळ नेलं. पाड्यांवर दिव्यांची आणि संडासांची मागणी जुनी आहे, कारण अंधारात झाडीत जावं लागणं हाच धोका आहे. ज्या उजेडाची नक्कल करून हा फोटो निघाला, तो उजेड सगळ्या गल्ल्यांत नाही. याचा दोष फोटोवर नाही टाकता येणार, कारण एका फोटोकडून सगळं सांगण्याची अपेक्षा करू नये. पण तो शेअर करताना ‘किती छान, माणूस आणि बिबट्या एकत्र राहतात’ असं लिहिणाऱ्या आपल्यावर टाकता येतो. एकत्र कोण राहतं? आपण चौदाव्या मजल्यावर राहतो.

आणि एवढ्या गाजलेल्या फोटोने आरे वाचलं का? आरेला जंगल म्हणून घोषित करा, झाडं तोडू नका, अशा याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ ला फेटाळल्या. त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला ती थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. त्या दिवसांत माझ्या सगळ्या ग्रुपांवर बिबट्याचे फोटो फिरत होते. पुरावा म्हणून. जणू जागा वाचायची तर तिने आधी देखणं जनावर हजर करावं. आरेतून शोधलेल्या आणि आरेचंच नाव मिळालेल्या विंचवाचा, लायकस आरेएन्सिसचा, फोटो मला एकानेही पाठवला नाही. मीही कुणाला पाठवला नाही.

खरं सांगायचं तर मी त्याहून वाईट केलंय. गेल्या वर्षी एका शनिवारी रात्री आम्ही चौघं गाडी घेऊन आरेत फिरलो, बिबट्या दिसतो का बघायला. हेडलाइट, मागच्या सीटवर कॅमेरा, खिडकी उघडी. एका वळणावर एक काका पायी चालले होते. हातात बॅटरी, शर्टाच्या खिशातल्या फोनवर मोठ्याने जुनी गाणी. मी विचारलं, “काका, इकडे बिबट्या दिसतो का?”

“दिसू नये म्हणून तर ही बॅटरी आणि गाणी,” ते म्हणाले. “गाडी मागे घ्या. लाइट डोळ्यावर येतोय.”

आम्ही गाडी मागे घेतली. परतताना कुणी फारसं बोललं नाही. खानोलकरांचा कॅमेरा त्या गल्लीत चार महिने राहू शकला, कारण आधी त्यांनी तिथल्या माणसांना आपला बेत पटवला होता. आम्ही पाच मिनिटं थांबलो आणि कुणाच्या तरी डोळ्यावर लाइट मारला. दोन फोटोग्राफरांमधला फरक लेन्सच्या किमतीत मोजायची मला सवय होती. ती त्या रात्री मोडली.

फोनमध्ये एक सोय असते. फोटो एडिट केला तरी मूळ फोटो आत जपून ठेवलेला असतो, ‘रिव्हर्ट’ दाबलं की परत येतो. हा लेख लिहायला घेतला त्या दिवशी मी किब्बरचा तो डोंगर उघडून रिव्हर्ट दाबलं. तार परत आली. झूम करून ती कुठे जाते ते पाहिलं. डावीकडे खाली, चौकटीच्या अगदी कोपऱ्यात, एका घराच्या छपरापर्यंत. आम्ही पाच दिवस राहिलो, पाच दिवस गरम चहा प्यायलो, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज केल्या, ते हेच घर.