मोजणं आणि तोलणं : ट्रायच्या दोन निर्णयांची चिकित्सा

दूरसंचाराचा नियामक निर्णय घेताना संशोधनाचा उपयोग कसा करतो, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं यात काय काम? काम आहे. माहिती आणि निर्णय यांच्यामध्ये एक पायरी असते, कारणाची. ती गाळली की काय होतं, हे मला दाखवायचं आहे. त्यासाठी ट्रायचे, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, दोन निर्णय घेतो. दोघांत चार महिन्यांचंही अंतर नाही.

पहिला निर्णय कॉल ड्रॉपचा. 2015 साली बोलता बोलता फोन तुटण्याच्या तक्रारी फार वाढल्या होत्या. लोक वैतागले होते, आणि त्यांचं वैतागणं रास्तच होतं. ट्रायने सप्टेंबरमध्ये सल्लामसलतीसाठी पत्रिका काढली आणि 16 ऑक्टोबरला नियम केला : कॉल तुटला की फोन करणाऱ्या ग्राहकाच्या खात्यात कंपनीने एक रुपया जमा करायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. अंमल 1 जानेवारी 2016 पासून.

आता क्रम बघा. कॉल का तुटतात, याची ट्रायची तांत्रिक पत्रिका आली 13 नोव्हेंबरला. म्हणजे औषध आधी दिलं आणि नाडी नंतर पाहिली!

न्यायशास्त्रात अनुमानाला हेतू लागतो आणि हेतूला व्याप्ती लागते. धूर दिसला म्हणून अग्नी आहे, असं म्हणता येतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी. उलट दिशेने जाल तर फसाल. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. अशा सुटणाऱ्या हेतूला आपल्याकडे सव्यभिचार म्हणतात. ट्रायचं अनुमान असं होतं : कॉल तुटला, म्हणून कंपनी दोषी. पण ग्राहक लिफ्टमध्ये शिरला, तळघरात गेला, त्याची बॅटरी संपली, तरी कॉल तुटतोच की. इथला लोखंडी गोळा तो.

आणि हा गोळा ट्रायच्याच कागदांत होता. 11 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला, तेव्हा न्यायालयाने त्या तांत्रिक पत्रिकेवरच बोट ठेवलं. सरासरी 36.9 टक्के कॉल ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनी तुटू शकतात, असं तिच्यातून निघत होतं. नियम मात्र सगळा दोष कंपनीचा धरून चालला होता. शिवाय ट्रायच्याच सेवागुणवत्तेच्या नियमांत दोन टक्क्यांपर्यंत कॉल तुटणं मान्य होतं. ती मर्यादा पाळणाऱ्या कंपनीलाही दंड का? ट्रायला याचं उत्तर नीट देता आलं नाही. कंपन्यांच्या हरकती का फेटाळल्या, याचीही कारणं न्यायालयाला पुरेशी वाटली नाहीत.

यात हरलं कोण? ग्राहक. त्याची तक्रार खरी होती, पण त्याच्या वतीने केलेला युक्तिवाद कच्चा होता. कंपनीच्या चुकीमुळे तुटलेले कॉल वेगळे काढून नियम केला असता, तर तो टिकण्याची शक्यता पुष्कळ जास्त होती, असं माझं मत आहे.

दुसरा निर्णय याच्या उलट जातीचा. इंटरनेटवरच्या काही सेवा स्वस्त किंवा फुकट आणि बाकीच्या महाग, असं करू द्यावं का? 9 डिसेंबर 2015 च्या पत्रिकेत ट्रायने याबद्दल चार प्रश्न विचारले. फेसबुकने आपल्या फ्री बेसिक्स योजनेसाठी वापरकर्त्यांकडून तयार मजकुराचे संदेश पाठवून घेतले. एकूण प्रतिसाद गेले सुमारे 24 लाखांवर. ट्राय म्हणाली, यांत आमच्या प्रश्नांची उत्तरं कुठे आहेत? हे मला मोलाचं वाटतं. सल्लामसलत हा कौल नव्हे. एकच मजकूर लाख वेळा आला, तरी कारण एकच राहतं. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने भेदभावाच्या दरांना मनाई केली आणि का केली, याचं सविस्तर टिपण नियमाला जोडलं. त्याच महिन्यात फेसबुकने ती योजना भारतात बंद केली. न्याय्य राहायचं तर हेही सांगायला हवं की त्याआधी एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजूनेही तयार मजकुराच्या ईमेलींचा पाऊस पाडला होता. पारडं दोन्ही वेळा तेच वापरायला हवं.

निर्णय मला पटतो. पण एक गोष्ट सलते. वाद होता तो ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्या नावाने, आणि मतं आली ती ज्यांच्याकडे आहे त्यांची! फुकटच्या अर्ध्यामुर्ध्या इंटरनेटबद्दल एखाद्या शेतमजूर बाईला काय वाटतं, हे ईमेल मागवून कळत नाही. तिथे जाऊनच विचारावं लागतं.

ब्रिटनमध्ये 2003 च्या कायद्याने ऑफकॉम या नियामकावर हे कामच सोपवलं आहे : लोकांचं मत आणि अनुभव जाणून घ्यायचे, ते प्रसिद्ध करायचे आणि निर्णय घेताना विचारात घ्यायचे. 2014 पासून तिथे एक लहानसा अभ्यास चालतो, मुलं माध्यमं कशी वापरतात याचा. मोजक्या मुलांच्या घरी जाऊन, शक्यतो वर्षानुवर्षं त्याच मुलांशी बोलतात. आकड्यांत न सापडणारं काही तिथे सापडतं.

तरी ऑफकॉमलाही एक मर्यादा आहेच. लोकांना काय वाटतं हे संशोधन सांगेल. त्यावरून काय करावं हे ते आपोआप सांगणार नाही. 'आहे' पासून 'असावं' पर्यंत जाताना मूल्य लागतं, आणि ते कोणतं धरलं हे नियामकाने उघड लिहायला हवं. म्हणून यापुढे अशी एखादी पत्रिका हाती आली, तर तीन प्रश्न विचारा. अभ्यास निर्णयाच्या आधीचा आहे की नंतरचा? विचारलं कुणाला, आणि कोण राहून गेलं? आणि आकड्यापासून नियमापर्यंतची पायरी लिहिलेली आहे का?

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.