'पॉवर' म्हणजे नेमके काय?

दिंद्रुड (जि. बीड) परिसरात विहिरीवरची मोटार 'पाच एचपीची' असते, डोकेदुखीवर 'पाचशे पॉवरची' गोळी घेतली जाते आणि निवडणूक झाली की कोणाच्या तरी हाती 'पॉवर' येते. इंग्रजीतला हा एक शब्द मराठीत इतका रुळला आहे, की वर्गात तो शिकवावा लागतो हेच आपण विसरतो.

पाठ्यपुस्तकातील व्याख्या अचूक आहे : कार्य करण्याचा दर म्हणजे शक्ती. आमची तक्रार 'शक्ती' या प्रतिशब्दाबद्दल आहे. 'अंगात शक्ती नाही' म्हणताना आपल्या मनात ऊर्जा असते, 'शक्ती लावून ढकल' म्हणताना बल असते. दर मात्र कुठेच नसतो! गणितात याच पॉवरला 'घात' हा स्वतंत्र शब्द मिळाला, तिथे कोणाचा घोटाळा होत नाही. भिंगाच्या बाबतीत मात्र पुन्हा 'शक्ती'च आली. वास्तविक भिंग कार्य करीत नाही. मीटरमधील नाभीय अंतराचा व्यस्त म्हणजे डायॉप्टर, त्यात वेळेचा संबंधच नाही.

वर्तमानपत्रे यात भर घालतात. 'प्रकल्पातून दिवसाला इतके मेगावॉट वीज' हे वाक्य निरर्थक आहे. मेगावॉट हाच दर. त्याला पुन्हा 'दिवसाला' कशाला? परळीच्या औष्णिक केंद्रातील २५० मेगावॉटचा संच पूर्ण क्षमतेने एक तास चालला, तर अडीच लाख युनिट वीज तयार होते. युनिट म्हणजे किलोवॉट-तास, म्हणजेच ऊर्जा.

आता आपली मोटार घ्या. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. (वाफेच्या इंजिनाचे गिऱ्हाईक घोड्यांच्या भाषेत विचार करीत असे, म्हणून जेम्स वॉटने हे माप रूढ केले.) पाच एचपी म्हणजे ३.७३ किलोवॉट, आठ तासांत सुमारे ३० युनिट. पाटीवरचे एचपी मोटारीच्या दांड्यावर मिळणारे असतात, तेव्हा मोटारीतील घट धरता मीटर याहून जास्त दाखवील. शेजाऱ्याने दहा एचपीची मोटार बसवली म्हणून त्याच्या विहिरीला पाणी वाढत नाही. आहे ते लवकर उपसले जाते, एवढेच. हा फरक ज्या विद्यार्थ्याला सांगता येत नाही, त्याला व्याख्या पाठ असूनही पॉवर कळलेली नाही, असे आम्ही म्हणू.

तेव्हा शिक्षकांनी हा धडा घेताना विद्यार्थ्यांना घरचे वीजबिल आणायला सांगावे आणि त्यावरचे किलोवॉट कोणते, युनिट कोणते, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.