आर्ष शब्द आणि टीपेचे प्रामाण्य : स्पेन्सरच्या काव्यभाषेच्या निमित्ताने

प्रस्तावना :
इंग्रजी साहित्याच्या अध्यापनात एखादा आर्ष शब्द आला की टीपेतील अर्थ सांगून पुढे जाण्याचा प्रघात आहे. टीपेतील अर्थ हाच शब्दाचा मूळ अर्थ, असे येथे गृहीत धरले जाते. एडमंड स्पेन्सरच्या ‘द शेफर्ड्‌स कॅलेंडर’ (१५७९) या काव्याच्या आधारे प्रस्तुत लेखात या गृहीताचा परामर्श घेतला आहे.

विवेचन :
स्पेन्सरने या काव्यात सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या, चॉसरकालीन शब्दांची हेतुपुरस्सर योजना केली. ‘ई. के.’ या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या टीपाकाराने त्यांचे अर्थ दिले. हे काव्य ज्याला अर्पण केले, त्या फिलिप सिडनीने त्यातील काव्यगुण मान्य केले. परंतु जुनाट, ग्रामीण भाषेविषयी नापसंती नोंदविली. बेन जॉन्सननेही स्पेन्सरच्या शब्दयोजनेवर टीका केली.

दोघांच्याही आक्षेपामागे हे शब्द केवळ जुने आहेत, अशी समजूत दिसते. ‘डेरिंग-डू’ या शब्दाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. चॉसरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’मध्ये ही दोन क्रियारूपे होती, ‘योद्ध्याला शोभेल ते करण्याचे धाडस’ असा त्यांचा आशय होता. लिडगेटने त्यांचे अनुकरण केले आणि सोळाव्या शतकातील छापील प्रतींत त्यांचे वर्णलेखन बदलले. स्पेन्सरने त्यांना नाम मानले, ई. के.ने ‘पौरुष व शौर्य’ असा अर्थ दिला. पुढे वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’त (१८१९) तो शब्द योजला आणि तो इंग्रजीत रूढ झाला.

म्हणजेच येथे टीपेने जुना अर्थ जतन केला नाही, तर नव्या अर्थाला मान्यता दिली. स्पेन्सरच्या आर्षतेचे मोल भाषिक अचूकतेत नसून नवनिर्मितीत आहे. त्याला केवळ जुन्याचा अनुकर्ता ठरविणारी टीका म्हणूनच अपुरी वाटते.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. दुर्बोध शब्द वाचकाला निदान थांबवितो. परिचित शब्द तेही करीत नाही. ‘हॅम्लेट’मध्ये एके ठिकाणी ‘लेट’ हे क्रियापद ‘अडविणे’ या अर्थी आले आहे. आजचा ‘करू देणे’ हा अर्थ घेतल्यास आशय नेमका उलटा होतो.

निष्कर्ष :
टीप हेदेखील एक अर्थनिर्णयन असते. म्हणून तिचीही चिकित्सा व्हावयास हवी. अर्थ पाठ करून घेण्याऐवजी तो कोणी, केव्हा व कशाच्या आधारे दिला, हे प्रश्न वर्गात उपस्थित केल्यास आर्ष शब्द हा अडथळा न राहता अभ्यासाचे साधन ठरेल.