पिंजऱ्यातली माशी नेमकी किती दिवसांची?

डंख नसलेल्या मधमाश्यांच्या कामकऱ्यांवर आहार आणि वयाचा काय परिणाम होतो, या विषयावरचे पेपर्स मी गेलं वर्षभर वाचतेय. बहुतेकांचा साचा एकच असतो. कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या माश्या पकडायच्या, छोट्या पिंजऱ्यात ठेवायच्या, एका गटाला नुसता साखरेचा पाक, दुसऱ्याला पाक अधिक पराग, तिसऱ्याला सोयाबीन वगैरेची पेस्ट. मग ठरावीक दिवसांनी डोकं उघडून हायपोफॅरिंजियल ग्रंथी मोजायच्या (या डोक्यातल्या ग्रंथींतून पिल्लांसाठीचा अन्नरस येतो), पोट उघडून अंडाशय बघायचं, शरीरातलं प्रोटीन मोजायचं. निष्कर्ष बहुधा असा: पराग खाल्लेल्यांच्या ग्रंथी मोठ्या, साखरेवरच्यांच्या लहान, आणि वय वाढलं की ग्रंथी आक्रसतात.

चुकीचं काही नाही यात. पण ही सगळी पद्धत एपिस मेलिफेराची, म्हणजे पेटीतल्या युरोपियन मधमाशीची. तिच्यासाठी 2013 साली 'बीबुक' नावानं प्रमाणित पद्धतींचा मोठा संच निघाला. पिंजऱ्यात माश्या कशा ठेवायच्या, 50 टक्के साखरेचा पाक कसा द्यायचा, सगळं त्यात आहे. त्या माशीसाठी उत्तम काम. माझा आक्षेप आहे तो तीच पाककृती जेमतेम चार मिलिमीटरच्या टेट्रागोन्युला इरिडिपेनिसला लावण्यावर. आपल्याकडे बरेच जण हिला पोयाची माशी म्हणतात. पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल तर तुम्ही ती पाहिली असणार, फक्त चिलट समजून सोडून दिली असेल. जुन्या दगडी भिंतीची फट, न वापरलेला पाइप, विजेच्या मीटरची पेटी अशा ठिकाणी काळपट राळेची छोटी नळी बाहेर आलेली दिसली की समजायचं, आत वसाहत आहे.

सुरुवात ग्रंथींपासून करू, कारण सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच आहे. मधमाशीत ग्रंथीचा आकार महत्त्वाचा का? तर तिथली दाई-माशी अळीला दिवसभर, पुन्हा पुन्हा, थोडं थोडं भरवते. ग्रंथी मोठी म्हणजे दाई कामाला तयार, असा अर्थ लावता येतो. डंख नसलेल्या माश्यांत भरवणं असं नसतंच. कामकरी माश्या एका कप्प्यात पराग, मध आणि ग्रंथींचा रस यांचं मिश्रण ओततात, राणी त्यावर अंडं घालते, कप्पा बंद. अळी आयुष्यभराचं जेवण एकदाच घेऊन आत बसते. (या सगळ्या प्रक्रियेचं बारीक वर्णन जपानी शास्त्रज्ञ शोइची साकागामी यांनी अनेक जातींमध्ये केलं. वाचताना एखाद्या लग्नातल्या विधींची यादी वाचल्यासारखं वाटतं.) म्हणजे इथे रस सतत पाझरत नाही, राणी कप्प्याशी आली की एकदम ओतला जातो.

आता पिंजरा आठवा. राणी नाही, कप्पे नाहीत, ओतायला जागाच नाही. अशा माशीची ग्रंथी मोठी दिसली तर ती चांगल्या आहारामुळे वाढली, की रिकामी करायची संधीच न मिळाल्यामुळे तुंबली? नुसता आकार मोजून हे कळणार नाही. पण बऱ्याच पेपर्समध्ये 'मोठी ग्रंथी म्हणजे सकस आहार' हे समीकरण न तपासता पुढे जातं.

अंडाशयाचंही तेच. डंख नसलेल्या अनेक जातींत राणी असतानाही कामकरी अंडी घालतात आणि राणी ती खाऊन टाकते. ती अंडी म्हणजे राणीचा खुराकच. याउलट आपल्या माशीची ऑस्ट्रेलियातली चुलतबहीण, टेट्रागोन्युला कार्बोनारिया, तिच्या कामकरी राणी असताना अंडी घालत नाहीत. म्हणजे पराग खाऊन अंडाशय फुगलं, याचा अर्थ एका जातीत राणीची सेवा, दुसरीत कदाचित बंडाची तयारी. जात बदलली की मोजमाप तेच राहतं, अर्थ बदलतो.

आता आहार. प्रयोगातला पाक म्हणजे दुकानातली साखर, सुक्रोज. ती माशीला पचत नाही असं मी म्हणत नाही, फुलांच्या मकरंदातही सुक्रोज असतंच. पण 2020 मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटानं मलेशिया, ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमधल्या डंख नसलेल्या माश्यांचा मध तपासला, तेव्हा 100 ग्रॅममध्ये 13 ते 44 ग्रॅम ट्रेहॅल्युलोज सापडलं. ही साखर नेहमीच्या मधात जवळपास नसतेच. माश्या ती सुक्रोजपासून स्वतः बनवतात. घरट्यातली तरुण माशी मेण-राळेच्या मडक्यातला हा मुरलेला मध खाते आणि पिंजऱ्यातली कच्चा पाक. याला 'नियंत्रण गट' कसं म्हणायचं?

परागाची गोष्ट तर आणखी अवघड. प्रयोगासाठी सहज मिळतो तो मधमाशीच्या पेटीला सापळा लावून गोळा केलेला पराग. पोयाच्या माश्या मात्र पराग मडक्यात साठवतात, तिथे तो सूक्ष्मजीवांमुळे आंबतो. हे किती महत्त्वाचं असू शकतं याचं ठळक उदाहरण ब्राझीलमध्ये मिळालं. स्कॅप्टोट्रायगोना डेपिलिस या जातीच्या अळ्या कप्प्यात वाढणारी बुरशी खातात आणि तिच्यातून मिळणाऱ्या स्टेरॉइडशिवाय कोषावस्थेत जाऊ शकत नाहीत. ते अळ्यांबद्दल आहे, प्रौढांना तसंच्या तसं लावू नये. पण हे माहीत असताना 'पराग आहार' एवढेच दोन शब्द पद्धतीच्या विभागात लिहून मोकळं होणं मला आळस वाटतो. कुणाचा पराग, किती दिवस मुरलेला, गरम करून निर्जंतुक केलेला का, हे लिहायला तीन ओळी पुरतात.

वयाबद्दल माझी तक्रार दुहेरी आहे. एक, काही पेपर्स माशी दिवसांनी मोजतच नाहीत. कप्प्यांवर बसलेली ती 'तरुण', पायाला पराग लावून परतणारी ती 'म्हातारी'. हे वय नव्हे, काम आहे. मधमाशीत जीन रॉबिन्सन यांच्या गटानं एकाच वयाच्या माश्यांच्या वसाहती करून दाखवलं की गरज पडली तर कोवळ्या माश्याही बाहेर कामाला जातात आणि काही थोराड माश्या आत दाईच राहतात. शरीर बऱ्याच अंशी कामाप्रमाणे बदलतं. चाकणच्या कंपनीत पंचविशीचा सुपरवायझर आणि पन्नाशीचा हेल्पर दोन्ही सापडतात, हुद्द्यावरून जन्मतारीख काढता येत नाही. टेट्रागोन्युलात नुकती बाहेर आलेली माशी फिकट रंगाची असते, तेव्हाच रंगाचा ठिपका लावला तर खरं वय कळतं. किचकट आहे, मान्य. माशी एवढीशी, ठिपका जरा मोठा झाला की पंख चिकटतात. पण दुसरा मार्ग नाही.

दोन, तापमान. मधमाश्या पिल्लांभोवती 34-35 अंश राखतात, म्हणून इन्क्युबेटरही तिथेच लावायची सवय. डंख नसलेल्या माश्यांना घरट्याचं तापमान इतकं घट्ट धरता येत नाही. आमच्याकडे जानेवारीत रात्री पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो आणि एप्रिलच्या दुपारी चाळिशीला टेकतो. कीटकाचं वय उष्णतेबरोबर धावतं. मग 34 अंशांत 20 दिवस जगलेली माशी आणि निगडीतल्या भिंतीत हिवाळ्याचे 20 दिवस काढलेली माशी एकाच रकान्यात कशी बसवायची?

हे सगळं मी का ताणतेय? कारण पिंजऱ्यातल्या आकड्यांवरून सल्ले निघतात. सोसायटीच्या गच्चीवर किंवा कंपनीच्या बागेत या माश्यांच्या पेट्या ठेवणं वाढतंय आणि 'पावसाळ्यात साखरेचा पाक द्या, चालतं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा उगम शोधायला लागले. मिळाले ते जगण्याचे दिवस मोजणारे प्रयोग. पिंजऱ्यात माशी पाकावर जगते, हे खरं आहे. पण ती उडत नाही, राळ आणत नाही, मेण बनवत नाही, रस ओतत नाही. काम न करणाऱ्याला कमी लागतं. पाकात प्रोटीन नाही, आणि जून ते सप्टेंबर परागाची मडकी रिकामी झाली तर नवीन कप्पे भरायला लागणारा रस कुठून येणार?

माझ्या मते प्रश्न उलट्या बाजूनं विचारायला हवा आणि आमचा पट्टा त्यासाठी फार सोयीचा आहे. ही माशी काही शे मीटरच्या पलीकडे फारशी जात नाही. म्हणजे भोसरी एमआयडीसीत लॉन आणि बोगनवेलीच्या मधोमध असलेली वसाहत आणि चाकणपलीकडे कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट, शेवगा, तुळस, बांधावरचं तण असलेली वसाहत खरोखर वेगवेगळं खातात. पिंजरा नको. दोन्हीकडे फिकट माश्यांना ठिपके लावायचे, मडक्यातला पराग काढून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचा, घरट्यात तापमापक ठेवायचा आणि मग ठिपकेवाल्या माश्या दर आठवड्याला काही काढून ग्रंथी बघायच्या. राणी, कप्पे, राळ सगळं जागेवर. गोंधळही जास्त असेल, वसाहतींची संख्या कमी पडेल, रिव्ह्यूअर विचारेल की कीटकनाशकाचं आणि धुराचं काय केलं. विचारू दे, प्रश्न रास्तच आहे.

पिंजऱ्याचे प्रयोग फेकून द्या असं माझं म्हणणं नाही. एखादा घटक विषारी आहे का, हे बघायला पिंजराच बरा. फक्त त्या पेपरच्या शीर्षकात 'कामकरी माश्यांवर आहाराचा परिणाम' असं न लिहिता 'राणीविना, कप्प्यांविना, 34 अंशांत ठेवलेल्या कामकऱ्यांवर' असं लिहावं. शीर्षक लांबेल, हरकत नाही. आमच्या विषयात याहून लांब शीर्षकं छापून आली आहेत.